1832 चा मुंबईतला कुत्र्यांचा दंगा: कुमार कादंबरीत क्षमा कुठे आणि कशी आणावी?

पानगळ

10 ते 13 वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहितेय. जून 1832, मुंबईचा कोट, म्हणजे तटबंदीच्या आतलं शहर. मोकाट कुत्री मारायच्या सरकारी हुकुमावरून पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, तो दंगा. नायिका कोटातल्या पारशी घरातली अकरा वर्षांची मुलगी. दुसरं पात्र, कुत्री मारणाऱ्या शिपायाचा मुलगा. तिच्या गल्लीतली व्यालेली कुत्री कुठे लपते हे या मुलानेच बापाला सांगितलं. कुत्री मारली गेली, मागे आठ दिवसांची पिल्लं उरली. शेवटी मुलगी त्याला माफ करते.

अडचणी तीन. काळाचे तपशील कुठे चुकू शकतात? क्षमेचा प्रसंग लिहिला की गोडगोड होतो, त्याचं काय करू? आणि पिल्लं मुलांनी वाढवली हे पटेल का?

बाहेरकोट

तारखेपासून सुरुवात करा. 6 जून 1832 ला बुधवार होता. दंगा त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. मोहरमचा पहिला आठवडा संपत आला होता, म्हणजे आकाशात अर्धा चंद्र आणि मध्यरात्रीच्या सुमारास तो मावळणार. मुलं रात्री पिल्लं शोधायला निघणार असतील तर आधी अंधुक चांदणं आणि नंतर मिट्ट काळोख असा क्रम ठेवा. पाऊस बहुधा अजून लागलेला नसणार. घामाने अंगाला चिकटणारे कपडे आणि तळाला गेलेल्या विहिरी दाखवल्यात तर ऋतू आपोआप उभा राहील.

नळ नाही, विहार तलावाचं पाणी यायला 1860 उजाडावं लागलं. आगगाडी नाही (1853), घोड्यांची ट्राम नाही (1874). कुलाब्याचा रस्ता 1838 चा, त्यामुळे कोटातून कुलाब्याला जायचं तर ओहोटी पाहून किंवा होडीने. कोटाची तटबंदी शाबूत आहे आणि वेशी रात्री बंद होतात. ही वेळेची अडचण कथानकाला फार उपयोगी आहे, ती सोडू नका. काड्यापेटी घरोघरी आलेली नाही, चुलीत विस्तव राखून ठेवतात. मुलगा शाळेत असेल तर पंतोजींची, धूळपाटीवाली. ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 ला निघालं, म्हणजे छापील मराठी वर्तमानपत्र ही पाच महिन्यांची नवलाई. गुजराती ‘मुंबई समाचार’ मात्र दहा वर्षं जुनं.

आता पैसा. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे अर्धा रुपया. दंग्याचं एक मूळ इथे आहे. नगावर बक्षीस ठेवलं की माणूस पिसाळलेलं कुत्रं शोधत बसत नाही, हाताशी येईल ते मारतो, दारातलंसुद्धा. तुमच्या मुलाने जागा का सांगितली याचं उत्तरही याच आठ आण्यांत आहे. वेगळा खलनायक लागतच नाही.

हुकूम निव्वळ क्रूरपणातून निघाला असंही दाखवू नका. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची पाश्चरची लस 1885 ची. 1832 मध्ये पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि लक्षणं दिसली की माणूस गेलाच. आणि पारशांचा राग नुसत्या लळ्यातून आलेला नव्हता. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे, मृताच्या अंत्यविधीत सगदीद असते, म्हणजे कुत्र्याची नजर प्रेतावर पाडतात. मुलीच्या आजीच्या तोंडी दोन वाक्यांत हे आलं की पुरे, प्रकरणभर प्रवचन नको.

लालपेन्सिल

क्षमेचा प्रसंग गोड होतो कारण तो एका बैठकीत उरकला जातो. मुलगा रडतो, मुलगी डोळे पुसते, प्रकरण संपतं. कुमार वाचक इतका भाबडा नसतो.

तुमच्या आराखड्यात एक मूलभूत गोची आहे. जीव कुत्रीचा गेला. मुलगी तिच्या वतीने माफी देऊ शकत नाही, तिच्या हातात फक्त स्वतःचा राग सोडणं आहे. हे दोन हिशेब वेगळे ठेवा. मुलीची माफी मुलाला मिळेल. कुत्रीची मिळणार नाही, आणि ते त्याला कळलं पाहिजे. त्याने काय करायचं, तर पिल्लांसाठी राबायचं. कबुली, मग काम, मग बऱ्याच अवधीने क्षमा, अशी तीन ठिकाणं करा. सोळा प्रकरणं धरली तर कबुली सातव्याच्या आसपास, क्षमा चौदाव्याच्या आधी नको. मधल्या काळात मुलगी त्याच्याशी नीट वागत नाही, टोचून बोलते, एकदा उगाच खोटा आळही घेते. म्हणजे तिच्याकडूनही काहीतरी चुकतं आणि पारडं जरा हलतं.

‘मी तुला माफ केलं’ हे वाक्य लिहूच नका. तिने त्याला एखादं काम बिनधास्त सोपवलं की वाचकाला कळतं. वेशीचं दार बंद व्हायच्या आत पिल्लू घेऊन ये, एवढं सांगून ती मागे वळूनही न बघता घरी जाते. बास.

बापाला सुधारायच्या फंदात पडू नका. त्याची नोकरी आहे, हुकूम वरून आलाय. त्याला कोणत्याही एका जातीचा शिक्का मारू नका, कथेला त्याची गरज नाही आणि आजच्या वर्गात ते पुस्तक वाचणाऱ्या मुलाला ते लागेल. युरोपीय कॉन्स्टेबलही या कामावर होतेच.

लांबी 20 हजार शब्दांच्या आत, प्रकरण 1200 ते 1250 शब्दांचं. मारण्याचा प्रसंग डोळ्यांदेखत नको, आवाज आणि नंतरची शांत गल्ली चालेल.

शेपूट

पिल्लांचं वय बदला. आठ दिवसांचं पिल्लू आईविना जगवणं मोठ्यांनाही जड जातं. डोळे 10 ते 14 दिवसांनी उघडतात. त्याआधी दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध द्यावं लागतं. ऊब लागते, कारण अंगातली उष्णता त्याला स्वतःला टिकवता येत नाही. आणि आई चाटते त्याऐवजी ओल्या फडक्याने पोटाखाली हलकं पुसावं लागतं, नाहीतर शी-शू होत नाही. पिल्लू उताणं धरून दूध पाजलं तर ते फुप्फुसात जातं आणि संपलं सगळं. नुसत्या गाईच्या दुधाने हगवण लागते. घरच्यांपासून लपून दोन मुलं हे करताहेत, हे पटणार नाही.

पाच आठवड्यांची करा. दात आलेले असतात, दुधात कुस्करलेली भाकरी आणि मऊ भात खातात. चार असतील तर एखादं दगावू द्या. सगळी वाचली तर ती परीकथा होते.

वागणं दाखवताना माणसाचे भाव चिकटवू नका. घाबरलेलं कुत्रं शेपूट पोटाखाली घेतं, जिभेने ओठ चाटतं, जांभई देतं, मान वळवतं पण डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तुमच्याकडेच बघतं. काठीचा मार खाल्लेलं कुत्रं महिनोन्‌महिने वर उचललेल्या हाताला दचकतं, तो हात भाकरी द्यायला उचललेला असला तरी. ‘लालपेन्सिल’ म्हणतात त्या मधल्या प्रकरणांत याचा उपयोग होईल. मुलाला बसून, बाजूला तोंड करून, हात खाली ठेवून खायला घालायला शिकावं लागेल.

एक कडक सूचना. नायिकेने अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवलाय असं चित्र मुखपृष्ठावर नको, आतही नको. पुस्तक वाचून उद्या कोणी तेच करेल. शेवटी अर्धं पान टीप टाका: चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, घरी लगेच सांगायचं आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठायचा. हळद-चुना काही भरायचं नाही.

पानगळ

वय पाच आठवडे केलं, आळ घेण्याचा प्रसंगही घेते. शेवट पांजरपोळात, म्हणजे निराधार जनावरं सांभाळतात त्या जागी, करायचा विचार आहे. पण दंगा 1832 चा आणि पांजरपोळ नंतरचा, मधली दोन वर्षं कशी भरू?

बाहेरकोट

भरू नका, उडी मारा. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवा अशी पारशी मंडळींची मागणी होती, तेवढ्यावर 1832 चा भाग थांबवा. पिल्लं मचव्यातून पलीकडे जातात की एखादं मागे राहतं, हे तुम्ही ठरवा. मग थेट ‘दोन वर्षांनी’. भुलेश्वरचा पांजरपोळ 1834 चा, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद या दोघांनी उभारलेला, एक पारशी आणि एक जैन. जमशेटजींना ‘सर’ म्हणू नका, तो किताब 1842 चा.

शेपूट

मचव्याचा भाग फार सुखाचा करू नका एवढंच. कुत्रं आपल्या हद्दीला धरून असतं. नव्या जागी तिथली कुत्री त्याला फाडायला धावतात, खाणं कुठे मिळतं ते ठाऊक नसतं, आणि जमिनीच्या वाटेने नेलं असेल तर परत यायला बघतं. आजही नसबंदी केलेलं कुत्रं सहसा उचललं तिथेच परत सोडायचं असतं, त्यामागे एक कारण हे आहे. तेव्हा निदान एक पिल्लू कोटातच ठेवा, म्हणजे 1834 मध्ये पांजरपोळात पाणी भरणाऱ्या त्या मुलाच्या मागेमागे फिरायला कोणीतरी असेल.