घरी केलेली सुशी : भात, नोरी, इनारी, चिराशी... तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. परवा एक मैत्रीण म्हणाली की सुशी हा काही घरी करायचा पदार्थ नाही, त्याला वर्षानुवर्षं उमेदवारी केलेला शेफच हवा, आणि मला ते बिलकुल पटलं नाही. मी कावासाकीला राहते, इथे आजूबाजूच्या घरांतून सुशी सारखी होत असते, फक्त ती हॉटेलात दिसते ती निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप, नसते. निगिरी खायची तर लोक दुकानात जातात नाहीतर मागवतात. घरात होते ती चिराशी (भातावर सगळं पसरलेली), तेमाकी आणि इनारी (तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात). ३ मार्चला हिनामात्सुरी, मुलींचा सण, त्या दिवशी चिराशीझुशी ठरलेली. कुणाचा वाढदिवस असला किंवा चार माणसं जेवायला येणार असली की तेमाकी, म्हणजे मधोमध भात, बाजूला नोरीचे, म्हणजे कागदासारख्या पातळ वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे, चौकोन, मासे, काकडी, अंड्याच्या पट्ट्या, शिसोची सुवासिक पानं, आणि ज्याने त्याने आपापला कोन वळून खायचा. मुलांच्या शाळेच्या उंदोकाईला, म्हणजे क्रीडादिनाला, डब्यात इनारी.

तर ज्यांनी ज्यांनी केलीये त्यांनी लिहा, मासे खाणारे, शाकाहारी, जपानात असलेले, नसलेले, सगळेच. भाताबद्दल तर नक्की लिहा. फोटो सगळे माशाचे काढतात पण घरच्या सुशीत सगळा खेळ भाताचा आहे हे माझं ठाम मत आहे.

सुरुवात मीच करते. मला शेजारच्या आजींनी शिकवलं. दोन गो तांदूळ, म्हणजे ३०० ग्रॅमच्या आसपास. धुताना पहिलं पाणी घातलं की लगेच ओतून द्यायचं, रेंगाळायचं नाही, कारण कोरडा दाणा पहिलंच पाणी जास्त पितो आणि तेच सगळ्यात गढूळ असतं. मग हलक्या हाताने पाणी बऱ्यापैकी नितळ होईपर्यंत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, आणि शिजवताना पाणी रोजच्यापेक्षा जरा कमी, कारण नंतर व्हिनेगर पडणारे. वर कोंबूचा, म्हणजे वाळवलेल्या जाड समुद्री शेवाळाचा, एक तुकडा. तोवर तांदळाचं व्हिनेगर ४ मोठे चमचे, साखर २ मोठे चमचे, मीठ १ छोटा चमचा एवढं कोमट करून विरघळवायचं, उकळू द्यायचं नाही.

आजींकडे सावारा लाकडाची हांगिरी, म्हणजे भात कालवायचं उथळ भांडं, आहे, तांब्याच्या पट्ट्यांची, ती आधी पाण्याने भिजवून पुसून घेतात म्हणजे भात चिकटत नाही आणि लाकूड व्हिनेगर पीत नाही. वाफाळता भात त्यात उलटा करायचा, व्हिनेगर शामोजीवर, म्हणजे भाताच्या पसरट चमच्यावर, धरून त्यावरून सगळीकडे सोडायचं, आणि मग शामोजी उभी धरून कापल्यासारखं करत मिसळायचं, दाबायचं नाही, घोटायचं तर मुळीच नाही. माझ्या हातात त्यांनी उचिवा दिला होता, कागदी पंखा, आणि मी हात उचलला की म्हणायच्या "मादा, मादा", अजून नाही. आधी गरम दाण्यात व्हिनेगर मुरू दे, मग वारा. मुरल्यावर वारा घातला की वरचा ओलावा उडतो आणि दाण्यावर जी चकाकी येते ना, ती समोर येताना दिसते, एका बाजूचा भात मॅट आणि दुसऱ्या बाजूचा चमकणारा. मग ओलं कापड झाकून अंगाइतका कोमट होऊ द्यायचा. फ्रिजमधे अजिबात नाही, तिथे भातातला स्टार्च कडक होतो आणि दाणा बोचायला लागतो.

* * *

मस्त विषय. मी पुण्यात जपानी शिकवते आणि दरवर्षी विद्यार्थ्यांबरोबर सुशी होतेच. पुण्यात जपानी तांदूळ मिळतो पण महाग पडतो, सगळ्या वर्गाला पुरवायचा म्हणजे खिशाला जड. आम्ही इंद्रायणी वापरतो. मावळातला इंद्रायणी, त्यातही नवा, इतका छान चिकट होतो की माकी, म्हणजे नोरीत वळलेला रोल, सुटत नाही. पाणी मात्र खूप कमी लागतं, बरोबरीला बरोबरसुद्धा नव्या तांदळाला जास्तच होतं. आंबेमोहोर चव म्हणून मला जास्त आवडतो पण मिसळताना दाणा मोडतो. आणि इंद्रायणीला स्वतःचा वास आहे, तो व्हिनेगरमधूनही येतो, जपानी पाहुण्यांनी खाऊन "हा कुठला तांदूळ" असं कौतुकाने विचारलंय.

आम्ही करतो ती जपानातल्या ओकायामाची बाराझुशी, आणि त्यामागे कारण आहे. सिंहगड रोडवरची आपली पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे हे बऱ्याच जणांना माहीत असेल. ते कोराकुएन इकेदा त्सुनामासा या सरदाराने करवलं, १७०० साली पुरं झालं. त्याचे वडील इकेदा मित्सुमासा, ते काटकसरीचे फार कडक. त्यांनी प्रजेला हुकूम काढला की जेवणात एक सूप आणि एकच पदार्थ. मग लोकांनी मासे, भाज्या सगळं भातातच मिसळलं, म्हणजे ताटात दिसायला एकच पदार्थ, अशी गोष्ट तिकडे सांगतात. काही घरांत तर सजावट डब्याच्या तळाशी लावतात, वरून नुसता भात, आणि खायच्या वेळी डबा उलटा करतात. वर्गात तो डबा उलटा करतो त्या क्षणाला पोरं श्वास रोखून बघत असतात. कोळंबी, कमळकाकडीच्या चकत्या, गाजर, मटारच्या शेंगा, अंड्याच्या बारीक पट्ट्या, सगळं वेगवेगळं शिजवलेलं, प्रत्येकाची चव वेगळी. वडलांच्या हुकमातून सुशी आली आणि मुलाच्या बागेवरून पुण्याची बाग, मला हे दरवर्षी सांगताना तितकाच आनंद होतो.

* * *

आम्ही ओसाकाला, घरात शुद्ध शाकाहारी. शाकाहारी सुशी म्हणजे काकडी आणि अवोकाडो एवढंच लोकांना वाटतं, तसं नाहीये, जुन्या जपानी सुशीत शाकाहारी प्रकार मानाने बसतात. सगळ्यात आवडता कांप्योमाकी. कांप्यो म्हणजे युगाओच्या लांबच लांब पट्ट्या काढून वाळवलेल्या, आणि युगाओ म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीचं फळ! जपानात पिकतो तो जवळजवळ सगळा तोचिगीत. पट्ट्या मीठ लावून चोळायच्या, धुवून मऊ होईपर्यंत उकडायच्या आणि मग शोयू (सोया सॉस), साखर, मिरीन (स्वयंपाकाची गोड साके) यांमधे रस आटेपर्यंत शिजवायच्या. सासूबाई आल्या होत्या त्यांना मी आधी काही न सांगता दिला, त्या म्हणाल्या दुधी आहे का गं हा, जिभेने ओळखला त्यांनी.

इनारीचं पण सांगते. आबुराआगे, म्हणजे तळलेल्या तोफूचे पातळ तुकडे, अर्धे कापायच्या आधी पोळपाटावर ठेवून वरून एक चॉपस्टिक लाटण्यासारखी दाबून फिरवायची, म्हणजे आतले पदर सुटतात आणि पिशवी न फाटता उघडते. मग उकळतं पाणी ओतून तेल काढायचं, नाहीतर रस आत शिरत नाही. इथे कानसाईत इनारी त्रिकोणी करतात, तोक्योकडे पोत्याच्या आकाराची लांबट.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवा, दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं चवीचं पाणी, बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं म्हणजे माशाचं असतं, तयार सुशीझूच्या (सुशीच्या व्हिनेगरच्या) बाटलीतही कधी कधी असतं, लेबल वाचाच. मी कोंबू आणि वाळलेले शिइताके मशरूम रात्रभर थंड पाण्यात भिजवते आणि तेच पाणी वापरते, काही कमी पडत नाही. सेत्सुबुनच्या सणाला फेब्रुवारीत एहोमाकी करतो तेव्हा पण हेच. एहोमाकी म्हणजे न कापलेला अख्खा जाड रोल, त्या वर्षीच्या शुभ दिशेला तोंड करून, एक शब्द न बोलता संपवायचा. मुलं हे फार मनापासून पाळतात.

* * *

रत्नागिरीहून. इथे इतका ताजा मासा मिळतो की सगळे म्हणतात मग कच्चा का नाही वापरत. मी नाही वापरत आणि दुसऱ्यांनाही नको सांगते. ताजा असणं वेगळं आणि कच्चा खाण्यासाठी हाताळलेला असणं वेगळं. आनिसाकिस नावाची अळी असते माशात, ती व्हिनेगरने मरत नाही, मिठाने नाही, वासाबीनेही नाही, जपानात सरकारच सांगतं की उणे २० अंशाला २४ तास गोठवा नाहीतर शिजवा. घरच्या फ्रीजचा फ्रीझर तेवढा थंड जातो याची खात्री कोण देणार. मुलगा जपानला असतो, तिथे दुकानात पाकिटावर साशिमीसाठी (कच्चा खायला) असं लिहिलेलंच असतं, तो खुशाल आणतो.

पण शिजवलेल्याची सुशीही अस्सलच आहे हो. एबी, म्हणजे कोळंबी, तर उकडलेलीच असते. कोळंबीला पोटाच्या बाजूने, साल आणि मांस यांच्या मधून बांबूची काडी सरळ घालायची आणि मग मिठाच्या पाण्यात टाकायची, ती वळत नाही, सरळ राहते. मग सोलून पोटातून चिरून पसरायची, दोरा काढायचा, व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून घ्यायची. बांगडा मी भाजते, काटे काढते आणि चौकोनी डब्यात खाली बांगडा, मधे आल्याचे तुकडे आणि शिसोऐवजी काहीच नाही, वर भात, आणि वजन ठेवून तासभर दाबते. भाजलेल्या साबाची, म्हणजे तिकडच्या बांगड्याची, अशी दाबलेली सुशी फुकुई भागात करतात असं मुलाने सांगितलं. त्याच किनाऱ्यावरून पूर्वी मीठ लावलेला साबा डोंगर ओलांडून क्योतोला चालत नेत, त्या वाटेला साबाची वाटच म्हणतात. हात भाताला चिकटू नये म्हणून व्हिनेगरचं पाणी लावायचं, मोदक वळताना लावतो तेवढंच, जास्त लागलं की नोरी भिजते.

* * *

ताई, बांगड्याची आयडिया उचलली! एक प्रश्न सगळ्यांना, मुंबईत पावसाळ्यात नोरी एका दिवसात चिवट होते, काय करता?

* * *

पाकीट उघडल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, आतली सिलिका जेलची पुडी सकट. आणि वापरायच्या आधी गॅसच्या बारीक आचेवरून दोन नोरी एकावर एक धरून झरकन फिरवायच्या, रंग काळ्याचा हिरवट झाला की बास. चकचकीत बाजू बाहेर. आणि वळलं की लगेच खायचं, तेमाकी थांबत नाही.

* * *

नागोयाजवळ राहतो, इंजिनियर माणूस, पण व्हिनेगरने मला वेड लावलंय. इथून जवळ हांदाला मिझकानचं म्युझियम आहे, जरूर बघा. १८०४ मधे नाकानो माताझाएमोन या साके (तांदळाची दारू) करणाऱ्याने साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून व्हिनेगर करायला घेतलं आणि ते जहाजाने एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जायला लागलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८२० च्या दशकात एदोमधे निगिरी आली, त्याचं श्रेय र्योगोकुच्या हानाया योहेईला देतात. चोथा वर्षानुवर्षं मुरवला की व्हिनेगर लालसर होतं, आकाझू. त्याचा भात फिका तपकिरी दिसतो, चव गोल आणि खोल, साखर जवळजवळ लागतच नाही. मी आता घरी अर्धं पांढरं अर्धं लाल वापरतो आणि साखर खूप कमी केलीये. बायकोचं म्हणणं मुलांना गोड लागतं ते बरोबर आहे, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा भात. मासा ट्यूना असेल तर लाल, ताई नावाचा पांढरा मासा किंवा कोळंबी असेल तर पांढरं, हा फरक एकदा शेजारी शेजारी खाऊन बघाच.

* * *

व्हिनेगरच्या आधीचं मी लिहितो. शिगा प्रिफेक्चरला, बिवा तळ्याच्या काठी राहिलोय संशोधनाच्या निमित्ताने. तिथली फुनाझुशी ही सुशीच्या सगळ्यात जुन्या रूपाच्या जवळची. निगोरोबुना नावाचा तळ्यातला मासा, वसंतात पकडलेला, गाभोळीसकट. आधी काही महिने मिठात, मग उन्हाळ्यात मीठ धुवून शिजवलेल्या भाताचे थर देत पिंपात भरतात, वर दगड, आणि नवीन वर्षाच्या सुमाराला उघडतात. भात आंबतो आणि त्या आंबटपणाने मासा टिकतो. पूर्वी मासा खाऊन भात टाकून द्यायचे. पुढे लोक भातही खायला लागले, आंबवायचे दिवस कमी झाले, आणि शेवटी व्हिनेगरने ते काम क्षणात केलं.

घरमालकीणबाईंच्या घरी पिंप होतं. त्यांनी अगदी पातळ काप करून दिले, मधे केशरी गाभोळी, कडेला पांढरा लगदा झालेला भात. वास जुन्या चीजचा, जोरदार. चव आधी खारट, मग आंबट, मग बराच वेळ काहीतरी गोडसर मागे राहतं. त्याच कापांवर गरम चहा ओतून ओचाझुके केलं, ते मी आजही कुठल्याही महागड्या निगिरीच्या आधी मागेन. शिगाला गेलात तर घाबरू नका, एक तुकडा घ्याच.

* * *

सगळ्यांचं वाचतेय, फार सुंदर लिहिताय. वासाबीबद्दल कुणी नाही लिहिलं म्हणून मी दोन ओळी लिहिते, इझूला गेलो होतो तिथे वाहत्या झऱ्यातली शेतं बघितली आणि एक कंद आणला. ट्यूबमधे बऱ्याचदा पाश्चात्य हॉर्सरॅडिश असतं किंवा मिसळलेलं असतं, ते नाकात जातं आणि संपतं. खऱ्या कंदाला आधी गोडवा येतो. बारीक दातांच्या किसणीवर गोल गोल, सावकाश घासायचा आणि लगेच खायचा, पंधरा मिनिटांत वास उडून जातो. शोयूत कालवू नका हो, भात आणि मासा यांच्या मधे लावा, आणि शोयू माशाच्या बाजूला टेकवा, भात बुडवला की एवढ्या मेहनतीने केलेला भात विस्कटतो.

तेमाकीला चार माणसांना किती भात लावू? आणि उरला तर दुसऱ्या दिवशी काय?

* * *

कावासाकीहून परत मी. चौघांना तीन गो पुरतो, वाढत्या वयाची मुलं असतील तर चार लावा. उरलेल्याचं ओसाकाच्या ताई जास्त चांगलं सांगतील.

* * *

हो, इकडे थंडीत मुशिझुशी करतात, वाफवलेली सुशी. वाडग्यात भात, त्यावर शिजवलेले शिइताके, कांप्यो, खाणाऱ्यांनी अंड्याच्या पट्ट्या घालायच्या, झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ द्यायची. भात पुन्हा मऊ होतो आणि व्हिनेगरचा तिखटपणा जातो. उरलेला भात रात्री झाकून खोलीतल्या थंड जागी ठेवा, आणि सकाळीच करा, दुपारपर्यंत थांबू नका. कच्चा मासा लागलेला भात मात्र ठेवूच नका.