नाइट ऑफचा दिवस कुणाचा?

रानवाट
मी साताऱ्यात अधिपरिचारिका आहे, नोकरीला सोळा वर्षं झाली. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. सकाळपाळी ८ ते २, दुपारपाळी २ ते ८ आणि नाइट म्हणजे रात्री ८ ते सकाळी ८, सरळ बारा तास. नाइटांची ओळ संपली की नाइट ऑफ मिळतो. त्या दिवशी सकाळी ड्यूटी सुटली की तशीच दुचाकीवरून चार तास मी रानफुलं बघायला जाते. कधी अजिंक्यताऱ्यावर, कधी सज्जनगडाकडे, भाद्रपदात यवतेश्वरच्या घाटाने कासला. एक वही आहे. तिच्यात फूल काढायचं, पानाची लांबी मोजून लिहायची, जागा आणि तारीख टाकायची. चित्रं ड्यूटीच्याच पेनांनी काढते, म्हणून माझ्या वहीतली सगळी फुलं निळी नाहीतर लाल.

परवा वन्सं आल्या होत्या. जेवताना म्हणाल्या, "रात्रभर घराबाहेर, सुट्टी मिळाली तरी घराबाहेरच. पोरांनी आई म्हणून कुणाकडे बघायचं?" मी काही बोलले नाही, पण घास घशाखाली जाईना.

माझं म्हणणं असं की ते चार तास मी मुलांच्या ताटातून काढून घेत नाही. परिचर्या परिषदेचा निकष शिकवण्याच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर ठिकाणी पाचांमागे एक असा आहे. रात्री मी आणि एक विद्यार्थिनी मिळून चाळीस खाटा बघतो. पहाटे चारला एकाची सलाइन बंद पडते, दुसऱ्याला धाप लागते, तिसऱ्याचे नातेवाईक अंगावर येतात. तसंच घरी आले तर मुलाने पाण्याचा पेला सांडला तरी मी ओरडते. फुलं बघून आले की ओरडत नाही, हे मुलीनेच मला सांगितलं. तुम्हाला काय वाटतं? विरोधातलं असलं तरी लिहा.

सिस्टरची लेक
विरोधातलंच लिहिते. माझी आई नर्स होती, आता निवृत्त आहे. तिला विणकामाचा नाद. वॉर्डातल्या बाळंतिणींच्या बाळांसाठी टोपडी विणायची, गुलाबी आणि पिवळी, वर छोटा गोंडा. लोक तिचं फार कौतुक करायचे. नाइट करून आली की झोपायची, आम्ही दोघं भावंडं आतल्या खोलीत कुजबुजत बसायचो. उठली की चहा आणि लगेच सुया हातात. मी शाळेतलं सांगायचे, ती "हं, मग?" म्हणायची, पण नजर टाक्यांवर. टाके मोजताना मध्ये बोललं तर हात वर करून थांबवायची. तो वर केलेला हात मला आजही दिसतो.

तुमची मुलगी म्हणते की फुलं बघून आल्यावर आई ओरडत नाही. मलाही आई विणत असली की बरं वाटायचं, कारण तेव्हा ती शांत असायची. पण मला शांत आई नको होती, माझ्याशी बोलणारी आई हवी होती. लेकरं तडजोड करतात आणि आपण त्याला पसंती समजतो.

ब्रदर
मी पुरुष परिचारक, अतिदक्षता विभागात. दर रविवारी क्रिकेट खेळतो. ड्यूटी असली तर पाळी बदलून घेतो, पण मॅच चुकवत नाही. घरी पाच वर्षांचा मुलगा आहे. बहिणीने, आईने, सासूने, कुणी कुणी मला विचारलेलं नाही की पोराने बाप म्हणून कुणाकडे बघायचं. उलट "दमतो बिचारा, खेळू दे" असंच म्हणतात. ताई, तुमच्या वन्सं तुमच्या यजमानांना काय म्हणाल्या ते पण लिहा. मला वाटतं काहीच नाही.

सिस्टरची लेक
दादा, बरोबर आहे. पण बापाला कुणी विचारत नाही म्हणून आईलाही विचारू नये, असं होत नाही. तुम्हालाही विचारायला हवं. तुमच्या मुलाचा रविवार कसा जातो?

ब्रदर
आजीबरोबर टीव्ही बघतो. खरं सांगायचं तर यावर मी कधी विचार केला नव्हता.

निष्ठा
सगळ्यांची क्षमा मागून लिहितो. परिचर्या हे व्रत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ला झाल्यावर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांना तिथल्या परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं, पोटच्या लेकीसारखं सांभाळलं. अंगाला जखम होऊ दिली नाही म्हणतात. ज्या हातांकडून समाजाची एवढी अपेक्षा आहे त्यांनी हौसेमौजेत वेळ घालवावा हे मनाला पटत नाही. हौस म्हणजे तेरड्याचा रंग तीन दिवस. घर आणि रुग्ण, यातच या कामाचं मोठेपण आहे.

रानवाट
निष्ठा, ते उदाहरण माझ्या काळजातलं आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आमच्या ट्यूटरनी सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग रडला होता. पण नीट बघा. ती ४२ वर्षं कुणा एकीने काढलेली नाहीत. परिचारिका पाळीपाळीने आल्या, हँडओव्हर दिला, घरी गेल्या. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, त्यांनाही कुणीतरी अरुणाताईंना भरवायचं कसं ते शिकवलं. पाळी संपत होती म्हणूनच ते इतकी वर्षं निभावलं. व्रत म्हणून एकीच्या गळ्यात घातलं असतं तर दोन वर्षांत तीच खाटेवर पडली असती.

दर १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, आम्हाला फुलं देतात, मेणबत्त्या लावतात, देवदूत म्हणतात. देवदूताला भूक नसते, झोप नसते, मुलं नसतात. मला देवदूत म्हटलेलं आवडत नाही. सिस्टर म्हणा, पुष्कळ झालं.

झोपेची बाजू
मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. छंदाला विरोध नाही, वेळेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" गटात घातलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. म्हणजे रात्रपाळी करणारीला कर्करोग होतोच असं नाही, पण शरीराचं घड्याळ बिघडतं हे साधं प्रकरण नाही. बारा तासांची नाइट करून त्याच सकाळी दुचाकीवर यवतेश्वरचा घाट चढणं मला भीतिदायक वाटतं. पेंग क्षणाची असते आणि वळण तेवढ्यातच येतं. आधी झोपा, मग फुलं.

रानवाट
मॅडम, हे निमूटपणे मान्य. दोन वर्षांपूर्वी घाटात एका वळणावर माझी गाडी खडीवर गेली होती. पडले नाही. घरी कुणाला सांगितलंही नाही, आज पहिल्यांदा लिहितेय. यापुढे नाइटवरून आल्या दिवशी जाणार नाही, झोप झाल्यावर दुसऱ्या दिवशीच जाईन.

आजी
मी अडुसष्ट वर्षांची. सून नर्स आहे, गुणी आहे, तिच्यासारखी मुलगी शोधून सापडणार नाही. आता बोलू द्या. तुम्ही सगळे आईचा वेळ आणि मुलांचा वेळ यावर भांडता आहात. ती नाइटला असते तेव्हा नातवाला सू करायला रात्री कोण उठवतं? ती छंदाला जाते तेव्हा शाळेचा डबा कोण भरतं? ताई, तुमच्या लिहिण्यात सासूबाई कुठेच नाहीत, पण त्या घरात असणारच, नाहीतर तुम्ही घाट चढूच शकला नसता.

मला भजनाची आवड. आमचं मंडळ गुरुवारी पाच ते सात बसतं. गेल्या चातुर्मासात मी दोनदाच गेले. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी विचारणंसुद्धा सोडून दिलं. सुनेला बोलले नाही, कारण ती थकलेली असते. पण माझे गुडघेही थकतात. मुलाला सांगितलं तर म्हणतो, आई, तुला घरात काय काम असतं?

ब्रदर
आजी, तुमचं वाचून मी फोन खाली ठेवला. माझ्या मुलाचा टीव्ही बघणारा रविवार म्हणजे माझ्या आईचा रविवार आहे.

सिस्टरची लेक
आमच्या आजीलाही ओव्या पाठ होत्या. आता कुणालाच येत नाहीत.

रानवाट
आजी, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मी अख्खा धागा लिहिला आणि आईंचा उल्लेख केला नाही. वन्संच्या बोलण्याचा राग येऊन बसले होते, पण त्या त्यांच्या आईकडे बघून बोलत असतील हे सुचलंच नाही. काल रात्री आईंना विचारलं, तुम्हाला कशाची आवड होती? बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, "मला पोहता यायचं. कृष्णेत." छत्तीस वर्षं झाली त्या पाण्यात उतरलेल्या नाहीत.

तरी माझं मत मी सोडत नाही. नाइट ऑफमधले चार तास माझेच. फक्त ते कोण उचलून धरतं ते आता ठरलेलं असेल. यजमानांशी बोलले. माझ्या फुलांच्या दिवशी डबा आणि मुलं त्यांच्याकडे, आईंकडे नाही. आधी म्हणाले जमेल तसं बघू. मी म्हटलं, वॉर्डात जमेल तसं बघू नसतं, ड्यूटी लागलेली असते. मग कॅलेंडरवर त्यांचं नाव लिहिलं.

सिस्टरची लेक
एक विचारू? त्या वहीत मुलीचं काही आहे का?

रानवाट
आहे. सज्जनगडाच्या परिसरात शिंदळ माकुडी सापडते. कड्याच्या फटीतली मांसल पानांची छोटी वनस्पती, महाराष्ट्राबाहेर कुठे नाही. साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे इथले प्रतिनिधी, राहिलेल्या बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया ठेवलं. आम्ही तीन वेळा गेलो, मिळाली नाही. त्या पानावर मुलीने रिकामा चौकोन काढून खाली लिहिलंय, "आई आणि मी इथे थांबलो. डबा खाल्ला. फूल नाही."

सिस्टरची लेक
तिला पुढच्या वेळीही न्या. आणि ती बोलत असेल तेव्हा वही मिटून ठेवा.

आजी
कृष्णेला पाणी केव्हा उतरतं ते बघून सासूबाईंनाही न्या हो. काठावर बसल्या तरी चालेल.