मदत हवी आहे: अपॅची इन्क्युबेटरसाठी मेंटॉर कसे गाठायचे?

आम्ही नागपुरातले चौघे संत्र्याच्या बागेला पाणी कधी, किती द्यायचं याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर लिहितोय. कोड गिटहबवर खुला, लायसन्स अपॅची २.०. काटोलकडचे काही बागायतदार ते वापरतातही.

आता प्रकल्प अपॅची इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेत येऊ पाहणाऱ्या नव्या प्रकल्पांच्या पहिल्या टप्प्यात, न्यायचाय. तिथे चॅम्पियन (प्रस्ताव मांडायला मदत करणारी अपॅचीतली व्यक्ती) आणि मेंटॉर (पुढे मार्गदर्शन करणारे, इन्क्युबेटर चालवणाऱ्या समितीचे म्हणजे पीएमसीचे सदस्य) लागतात. शिवाय प्रत्येक रिलीजला इन्क्युबेटर पीएमसीची किमान ३ अनुकूल मतं हवीत, त्यामुळे नावापुरते मेंटॉर घेऊन भागणार नाही. प्रस्तावाचा मसुदा तयार आहे. ओळखीच्या कमिटर मंडळींना (अपॅचीच्या प्रकल्पांत थेट कोड बदलायचा अधिकार असलेल्यांना) विचारलं, पण त्यांच्यापैकी कोणीच पीएमसीत नाही. काम स्वयंसेवेचं, मानधन नाही. आम्ही नोकरी करणारे, म्हणून ऑनलाइन भेटी रात्री आठनंतरच जमतील.

यातून कोणी गेलं असेल तर सांगा: चॅम्पियन मिळण्याआधीच मसुदा सर्वांसमोर ठेवावा का? आणि पहिल्या पत्रात नेमकं काय दाखवलं की मेंटॉर खरोखर वेळ द्यायला तयार होतात?