कावळ्यांच्या शिकारीत तोंडाने फुंकायची शिटी कशी वापरावी?

मक्याचे_रान (प्रश्न):
नमस्कार. मी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ऑबर्नपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. हिवाळ्यात त्या शहरात हजारो कावळे रात्रीच्या मुक्कामाला येतात आणि दिवसा आसपासच्या शेतांत उतरतात. शिकारीचे प्रशिक्षण घेऊन रीतसर परवाना काढला आहे आणि शेजारच्या शेतकऱ्याने त्याच्या मक्याच्या शेतात कावळे मारण्यास लेखी परवानगी दिली आहे. (पितृपक्षाचा पंधरवडा मी सोडतो, तेवढी आईची अट आहे.)

बॅटरीवर चालणारा भोंगा मला नको आहे, म्हणून हातात धरून फुंकायची लाकडी शिटी, जिला येथे क्रो कॉल म्हणतात, ती घेतली. परंतु तिच्यातून जत्रेतल्या पिपाणीसारखा चिरका आवाज निघतो. पहिल्या शनिवारी दोन कावळे आले, झाडांच्या शेंड्यावरून एक फेरी मारून आखूड, तुटक ओरडले आणि निघून गेले. त्यानंतरचे दोन शनिवार त्याच कुंपणापाशी तासतासभर फुंकत बसलो, पण एकही फिरकला नाही. माझे नेमके काय चुकते आहे?

हडसनकाठ:
आपण शिटी फुंकत आहात, हीच पहिली चूक आहे. या शिटीत नुसती हवा सोडायची नसते, तर घसा खाकरताना होते तशी घरघर करीत हवा ढकलायची असते, आणि तीही गालांतून नव्हे, बेंबीच्या देठापासून. नुसत्या हवेने आतली पत्ती एकाच उंच सुरात थरथरते. घशातील घरघर तिच्यात मिसळली की आवाज फाटतो आणि कावळ्याचा होतो. दुसऱ्या हाताची ओंजळ शिटीच्या तोंडाशी धरून ती प्रत्येक हाकेला उघडावी आणि शेवटी मिटावी, म्हणजे हाक शेवटाकडे दबत जाते. घरच्यांचा अंत पाहायचा नसेल तर गाडीच्या काचा लावून सराव करावा. मी तसाच केला.

दुसरे असे की आपल्या कानांत बहुधा लहानपणीच्या गावकावळ्याची काव काव बसलेली असणार. येथील कावळा सर्वांगाने काळा, आपल्या डोमकावळ्याच्या अंगलटीचा आहे आणि त्याची हाक अधिक भरदार व लांबट असते. आधी आठवडाभर नुसते ऐकावे.

सुरुवातीला दोनच प्रकार पुरेत. पहिली हाळी: तीन-चार लांब हाका, मग थांबून कान देणे. उत्तर आले की दुसरा प्रकार, म्हणजे भांडण: घाईघाईच्या, चिडलेल्या, एकमेकींवर आदळणाऱ्या हाका, जणू चार कावळ्यांनी घुबडाला घेरले आहे. ग्रेट हॉर्न्ड आउल हे येथील मोठे घुबड रात्री झोपलेले कावळे उचलते, म्हणून दिवसा ते दिसले की सारी टोळी त्याच्यावर तुटून पडते. उघड्या फांदीवर प्लॅस्टिकचे घुबड ठेवले तर या भांडणाला आधार मिळतो. आपण ऐकलेले आखूड, तुटक ओरडणे मात्र बहुधा धोक्याचा इशारा होता. अजाणता तेच आपल्या शिटीतून निघत असेल, तर आपण कावळ्यांना येऊ नका असेच सांगत आहात.

सुतारपक्षी:
वरील उत्तर योग्य आहे, पण माझ्या मते घात झाला तो जागेमुळे आणि चेहऱ्यामुळे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जॉन मार्झलफ यांनी २००६ साली ठरावीक मुखवटा घालून काही कावळे पकडले व सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसताच कावळे गलका करून त्याच्या मागे लागत, आणि त्यांत मुळात न पकडलेले कावळेही असत. म्हणून चेहरा झाकावा, हातमोजे घालावेत आणि एका ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक बसू नये. ज्या कुंपणापाशी कावळ्यांनी आपल्याला ओळखले, तेथे काही आठवडे जाऊच नये.

आपल्या राज्यात १ सप्टेंबर ते ३१ मार्च या काळात फक्त शुक्रवार ते सोमवार शिकार का, असे अनेक जण विचारतात. १९७२ पासून कावळा स्थलांतरित पक्ष्यांच्या संघीय कायद्याखाली येतो आणि राज्यांना वर्षातून जास्तीत जास्त १२४ दिवसच देता येतात. ते सात महिन्यांवर पुरवण्यासाठी आठवड्याचे तीन दिवस वगळले आहेत. शेजारच्या राज्यात जाल तेव्हा तेथील पुस्तिका वेगळी पाहावी, कारण वार आणि भोंग्याचे नियमही बदलतात.

हडसनकाठ:
जागेबद्दलचा मुद्दा मान्य. घुबडाबाबत मात्र एक दुरुस्ती करतो: हंगामाच्या शेवटी ते ठेवू नये. तोपर्यंत आसपासच्या प्रत्येक कावळ्याने अशी दहा प्लॅस्टिकची घुबडे पाहिलेली असतात.

थंडगार_ओहायो:
एक लहानशी गोष्ट. कडाक्याच्या थंडीत श्वासाची वाफ पत्तीवर गोठते आणि शिटी ऐन वेळी मुकी होते. दोन शिट्या ठेवाव्यात, एक वापरात आणि एक शर्टाच्या आतल्या खिशात. तसेच पाडलेला कावळा उघड्या हाताने उचलू नये. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये आलेल्या वेस्ट नाइल विषाणूने येथील कावळे मोठ्या संख्येने मेले होते.

मक्याचे_रान:
सर्वांचे आभार. काल शेताच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याकडे पाठ करून, पडक्या कोठाराच्या सावलीत बसलो. तीन हाका दिल्या आणि थांबलो. दूरच्या ओकवरून उत्तर आले, तेव्हा घाबरून मी फुंकायचेच विसरलो. मग भांडण सुरू केले आणि पाहता पाहता सात कावळे इतके खाली आले की त्यांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. एक पाडला, दोन नेम चुकले, बाकीचे उडाले. सतरा मिनिटे झाली होती. उठलो आणि घरी आलो. शिटी अजूनही मधूनच पिपाणी होते, पण आता ती का होते ते कळते.