मुलगी 'पानी' लिहिते, आजीला गप्प करू का?

वरळीची_सून:
मुलगी तिसरीत, मराठी शाळेत. घर कोळीवाड्यात, दिवसभर ती आजीपाशी. श्रुतलेखनात तिनं 'पानी', 'डोला', 'आभाल' लिहिलं. बाईंनी पान लाल करून शेरा मारला, 'घरी शुद्ध बोला.' आता पोरगी वर्गात तोंडच उघडत नाही. नवरा म्हणतो, आईला सांग, तिच्याशी कोळीत बोलू नको. सासूबाईंना हे सांगायची माझी छाती नाही!

भांडुपकर:
काही सांगू नका. आमच्याकडे घरात 'माका-तुका'. पोरगा शाळेत पाय ठेवला की 'मला-तुला' करतो, आपोआप.

चाळकरी७:
आपोआप काही होत नाही. उद्या पेपरात मार्क कापले तर आजी येणार का भांडायला?

निवृत्त_मास्तर:
पालिकेच्या शाळेत हयात गेली, म्हणून थोडं लांबण लावतो. वही पुन्हा बघा. 'ळ'च्या जागी सगळीकडे 'ल', 'ण'च्या जागी 'न' असेल. म्हणजे पोरगी ऐकते तसं चोख लिहिते, वेंधळी नाही. धाक बसला की मुलं उलटी घसरतात, 'फूल'चं 'फूळ' करतात. ते निस्तरणं जास्त कठीण.

'वेल-वेळ', 'काल-काळ' अशा जोड्या घ्या. आरशासमोर बसवा, 'ळ'ला जीभ मागे वळून टाळूला लागते हे तिला दिसू दे. तुम्ही एक शब्द म्हणायचा, तिनं चित्रावर बोट ठेवायचं. कान तयार झाला की मगच लिहायला द्या. आजीची गोष्ट आजीच्याच बोलीत होऊ द्या. तीच तिनं वहीत शाळेच्या मराठीत उतरवायची.

बाईंना भेटा, पण तावातावानं नको, पन्नास पोरांच्या वह्या तपासून त्याही पिचलेल्या असतात. एवढंच विचारा, पाठ्यपुस्तकात बहिणाबाईंची कविता बोलीतच छापतात, मग पोरीच्या बोलण्यावर लाल शाई का? लिहिण्यातली चूक जरूर दाखवा म्हणावं. नाहीच ऐकलं तर शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २९ आहे: मुलाला भीती-दडपण नको, आणि शक्य तिथवर माध्यम मातृभाषा.

वरळीची_सून:
सोमवारी जाते. 'न-ण'साठी जोड्या आहेत का?

निवृत्त_मास्तर:
सन-सण, मन-मण. घरात शाहरुखचं कोणी वेडं असेल तर खान-खाण.