पार्किंगमधले चार्जिंग पॉइंट: रविवारच्या मीटिंगआधी

ए-२०४: नमस्कार, रविवारच्या आधी एक विचारायचं होतं. आम्ही पण इलेक्ट्रिक गाडी घ्यायच्या विचारात आहोत. शोरूमवाला म्हणतो तासाभरात चार्ज होते, पण बी-३०२ ची गाडी तर सकाळी मी वॉकला निघते तेव्हाही लावलेलीच असते. नक्की वेळ किती लागतो?

सी-६०१: माझाही हाच प्रश्न. एक गाडी रात्रभर पॉइंट अडवणार असेल तर पाच गाड्यांना पाच पॉइंट आले. कॉमन मीटरला झेपणार आहे का ते?

बी-३०२: ताई, शोरूमवाला खोटं बोलत नाहीये, तो हायवेवरच्या डीसी चार्जरचं सांगतोय. तो थेट बॅटरीत करंट देतो, ५०-६० किलोवॅटचा असला तर १० वरून ८० टक्क्याला साधारण तास. पुढच्या २० टक्क्यांना मात्र परत अर्धा पाऊण तास जातो कारण बॅटरी भरत आली की गाडीच करंट कमी करत जाते, म्हणून मुंबईहून येताना मी घाट चढायच्या आधी खालापूरच्या बाजूला थांबतो आणि ८० झालं की निघतो.
घरी आपला १५ अँपियरचा सॉकेट. २३० व्होल्ट गुणिले १५, म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या आतच, त्यात थोडं वाया जातं, बॅटरीत तासाला ३ युनिट जातात असं धरा. माझी बॅटरी ४० युनिटची, पूर्ण रिकामी असेल तर १३-१४ तास. पण रिकामी करून कोण आणतं रोज? हिंजवडीला जाऊन येऊन माझे ४० किमीच्या आतच होतात, एसी आणि ट्रॅफिक धरून युनिटला ६ किमी, म्हणजे ७ युनिट. सव्वादोन ते अडीच तासात भरून निघतं. गाडी सकाळपर्यंत लावलेली दिसते पण चार्जिंग रात्री दीडलाच बंद झालेलं असतं

सी-६०१: मग दीडला काढत का नाही?

बी-३०२: काका झोपलेलो असतो, आणि शेजारी दुसरी गाडीच नाही अजून. दुसरी आली की वार ठरवून घेऊ, मला एक दिवसाआड लावलं तरी पुरतं.

ए-२०४: आणि तो भिंतीवरचा मोठा चार्जर बॉक्स? ७.२ किलोवॅटवाला

बी-३०२: त्यावर ६ तासात पूर्ण. पण एकट्या गाडीला ३० अँपियरच्या वर करंट लागतो. पाच जणांनी तो घेतला तर ३६ किलोवॅट, १५ च्या सॉकेटवर पाच गाड्या एकदम लावल्या तरी १६-१७. म्हणून मनापासून सांगतोय, सोसायटीने बॉक्सच्या मागे लागू नये, साधे पॉइंट द्या, प्रत्येकाला सबमीटर, म्हणजे ज्याची त्याची युनिट वेगळी मोजली जातील. रात्री ११ ते ६ सात तास मिळतात, २१ युनिट, १२० किमी! लिफ्ट पंपाची गर्दी पण तोवर संपलेली असते

ए-५०३: वायरिंगचं मी बोलतो, याच कामात आहे. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी सलग काही तास पूर्ण करंट ओढते. पॉइंटला ४ स्क्वेअर एमएमची जाड वायर, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) आणि अर्थिंग तपासलेलं हवं. परवा पहिल्या मजल्यावरून खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडून गाडी लावली होती कोणीतरी, प्लग हाताला चटका बसेल इतका गरम. कृपा करून असं करू नका, खाली मुलं खेळतात

सी-६०१: हे पटलं. सबमीटर असेल तर माझी हरकत नाही पण आधी महावितरणकडून कॉमन मीटरचा मंजूर लोड किती ते बघू, बिलावर असतो तो, उद्या फोटो टाकतो. ए-५०३ तुम्ही तीन पॉइंटचं एस्टिमेट काढा

ए-५०३: शनिवारी खाली येऊन केबलचं अंतर मोजतो. मीटर रूमची चावी वॉचमनकडे ठेवा

ए-२०४: बी-३०२, आज रात्री जरा खाली दाखवाल का, ॲपवर किती वाजता थांबलं ते दिसतं ना? आमच्या ह्यांना पण बघायचंय

बी-३०२: या ना ताई, साडेदहाला लावतो