पुनर्विकासात शेजारचा रंगाई कारखान्याचा प्लॉट येतोय, जमिनीची कोणती तपासणी मागावी?

शिवडी_सोसायटी
नमस्कार. इमारत १९६८ ची, तळ अधिक चार, आता सी-१ मध्ये, म्हणजे पाडण्याजोग्या धोकादायक इमारतींत. बिल्डर शेजारचा बंद रंगाई कारखान्याचा प्लॉट जोडून एकच योजना करतोय, दोन तळघरांसकट. त्या आवारात फर्नेस ऑइलची पुरलेली टाकी आणि जुना ट्रान्सफॉर्मर आहे. आमच्या गच्चीवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे, पावसाळी पाइपही तसलेच. बिल्डर म्हणतो सॉइल टेस्ट झाली, रिपोर्ट चांगला आहे. विकास करारावर सह्या करण्याआधी काय मागून घ्यावं?

भूस्तर
तो रिपोर्ट उघडून रसायनांचं पान बघा. बहुधा पीएच, सल्फेट, क्लोराइड एवढंच असेल, तेही पायाच्या काँक्रीटला काय खाईल हे कळावं म्हणून. ती भारक्षमतेची तपासणी. शिसं, क्रोमियम, तेल त्यात कुणी शोधलेलंच नसतं.

आधी कारखान्याची कुंडली काढा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात जुनी संमतिपत्रं आणि घातक कचऱ्याची परवानगी मागा. मग बोअरच्या जागा ठरवा: टाकीच्या दोन्ही टोकांना, तेल भरायच्या तोंडाशी, डाय हाऊसचं (कापड रंगवायच्या खोलीचं) गटार वळतं तिथे, सांडपाण्याच्या खड्ड्याशी, ट्रान्सफॉर्मरच्या ओट्यालगत. तेल सांध्यातून झिरपतं किंवा भरताना सांडतं. प्लॉटभर समान अंतरावर मारलेले चार बोअर नेमकं तेच चुकवतात. तुमच्या भागात वर भराव आणि खाली खाडीची चिकणमाती लागण्याची शक्यता मोठी. दोन्ही थरांचे नमुने वेगळे घ्या, भूजलाचाही घ्या. खोली तळघराच्या तळाखालपर्यंत हवी, कारण वरची सगळी माती बाहेर येणार आहे.

नमुना घेतानाच निम्मे रिपोर्ट बिघडतात. बेंझिन (इंधनातलं उडून जाणारं विषारी रसायन) प्लॅस्टिकच्या पिशवीतून उडून जातं. त्यासाठी काचेची बाटली, टेफ्लॉन अस्तराचं झाकण, वर हवा न ठेवता भरलेली, बर्फात ४ अंशांवर. आणि पाच नमुने कालवून एक करू देऊ नका. एका जागी शिसं ५०० मिलिग्रॅम प्रति किलो आणि चार जागी ४० असेल, तर सरासरी १३२ येते. कॅनडाचं निवासी जमिनीसाठीचं मार्गदर्शक मूल्य १४० आहे. म्हणजे कागदावर जमीन स्वच्छ, आणि त्या ५०० च्या जागेवर उद्या मुलांची बाग! प्रयोगशाळेची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता त्याच चाचणीसाठी आहे ना, हेही तपासा.

कलम_आणि_कागद
कायद्याचं सांगतो. जुलै २०२५ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. त्यात सफाईचा खर्च दूषित करणाऱ्यावर आहे. पण बंद कारखान्याचा जबाबदार माणूस हाती लागेपर्यंत तुमचं काम अडकून पडेल. शिवाय योजना संपली की बिल्डर निघून जातो आणि जमीन सोसायटीच्या गळ्यात राहते. म्हणून करारातच घ्या: तपासणी सहीआधी, सल्लागार सोसायटीने निवडलेला, पैसे बिल्डरचे. सफाईचा खर्च आणि त्यामुळे लांबलेल्या काळाचं भाडं त्याच्याकडे. जमिनीतलं प्रदूषण 'नैसर्गिक आपत्ती'च्या कलमात घुसवू देऊ नका, मसुद्यात ते हमखास सापडतं. राफ्ट (पायाचा सलग काँक्रीटचा थर) ओतण्याआधी खड्ड्याच्या तळाचे आणि बाजूंचे नमुने पुन्हा घ्यायचे, हेही लिहून घ्या.

बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. त्या अर्जात जमिनीचा जुना वापर लपवलेला नाही ना, ते वाचा. वाद उठलाच तर राष्ट्रीय हरित लवादाची मुदत लक्षात ठेवा: कलम १४ खाली सहा महिने, नुकसानभरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षं.

जुनं_बांधकाम
पत्रे १९६८ च्या आसपासचे असतील तर ॲसबेस्टॉस (ज्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन घातक ठरतात) धरूनच चाला. हातोडा, ग्राइंडर, वरून फेकणं बंद. पाणी फवारून ओले करायचे, जे-हुकचे (पत्रा धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टचे) नट सोडवून पत्रा अख्खा उतरवायचा, जाड पॉलिथिनच्या दोन थरांत बांधून खूण करायची. कापडी मास्क कामाचा नाही, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ दर्जाचा मास्क हवा. पाइपही सांध्यात सोडवून उतरवा, फोडू नका. हे सगळं मुख्य पाडकामाआधी, रहिवासी बाहेर पडल्यावर. डेब्रिजमध्ये एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही.

ट्रान्सफॉर्मरचं तेल भंगारवाल्याला देऊ नका. त्यात पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलातलं विषारी रसायन) आहे का ते आधी तपासून घ्या. २०१६ च्या आदेशानुसार पीसीबीच्या वापराची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली.

शिवडी_सोसायटी
आभार. खोदलेली माती कुठे जाते, हे आम्हाला कसं कळणार?

भूस्तर
मातीची टीसीएलपी चाचणी मागा, म्हणजे मातीतून विषारी घटक पाण्यात किती झिरपतील ते बघणारी. त्या अर्कात शिसं लिटरला ५ मिलिग्रॅम गाठत असेल तर ती घातक कचरा ठरते आणि तळोज्यासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रावरच जायला हवी. प्रत्येक गाडीसोबत फॉर्म १०, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद असतो. त्याची केंद्राने सही केलेली परतीची प्रत मागा आणि गाड्यांची संख्या खोदकामाच्या घनमीटरशी ताडून बघा. खड्ड्यातून उपसलेल्या पाण्याचंही तसंच. ते न तपासता पावसाळी नाल्यात सोडलं तर सरळ शिवडीच्या खाजणात, फ्लेमिंगो उतरतात तिथे पोचेल. त्यावर तेलाचा तवंग दिसला तर पंप त्याच क्षणी बंद करायला लावा.